काशीदचा समुद्र आणि हौशी गळ

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याची खाडी ओलांडतो, कोर्लई, बोर्ली ही गावे मागे टाकतो आणि समुद्राच्या काठाकाठाने दक्षिणेस उतरतो. या वाटेवर एके ठिकाणी सुमारे तीन किलोमीटर लांबीची पांढरीशुभ्र पुळण धनुष्याकार पसरलेली दिसते. हेच काशीद. पुळणीच्या दोन्ही टोकांना डोंगराच्या सोंडा समुद्रात शिरल्या असून त्यांच्या पायथ्याशी काळी खडपे आहेत. पाठीमागे फणसाडचे रान आहे. हे रान जंजिऱ्याच्या नबाबांनी शिकारीसाठी राखून ठेवले होते. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९८६ मध्ये फणसाडला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्या रानात एके काळी बंदुकीचे बार निघत, त्या रानात आज भेकराला दगड मारणेही गुन्हा आहे.

रानातील शिकार अशी इतिहासजमा झाली. परंतु रानासमोरच्या समुद्रातील शिकार मात्र याच काळात वाढत गेली. मुंबई-पुण्याकडची हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी लांब काठ्या, चक्राला गुंडाळलेली बारीक दोरी आणि रंगीत लाकडी किंवा रबरी मासे घेऊन या किनाऱ्यावर येतात व खडपावर उभी राहून गळ टाकतात. हा मृगयेचाच एक प्रकार होय. मृगयेला जसा ऋतू असावा, आवडनिवड असावी आणि मर्यादा असावी, तसे या छंदाचे काय झाले, याचा इतिहास मोठा बोधक आहे.

प्रथम या समुद्राचे वर्षमान ध्यानी घेतले पाहिजे. काशीदच्या उत्तरेस कुंडलिका नदीचे मुख आहे आणि दक्षिणेस राजपुरीची खाडी. या दोन मुखांतून पावसाळ्यात सह्याद्रीचे गढूळ, गोडे पाणी समुद्रात येते. त्याबरोबर गाळ येतो, गाळाबरोबर सूक्ष्म जीवांचे खाद्य येते आणि खाद्याच्या मागोमाग मासा येतो. दुसरे सूत्र भरती-ओहोटीचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवशी पाणी सरासरीने बारा फूट चढते व तितकेच उतरते. या भागात भरतीची वेळ काढण्याचा सोपा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. घड्याळ नसलेल्या काळात हे गणित पंचांगावरून होत असे आणि आजही खाडीकाठच्या पुष्कळ माणसांना ते तोंडपाठ असते. उधाणाच्या ओढीत मासा हलतो, भांगात तो सुस्त राहतो, म्हणून जाळे असो वा गळ, दोहोंचे दैव चंद्राशी बांधलेले आहे.

पावसाळा ओसरला की डोल जाळ्यांचा हंगाम सुरू होतो. डोल म्हणजे पिशवीसारखे लांबट जाळे. ते पाण्याच्या प्रवाहात तोंड करून बांधून ठेवतात आणि प्रवाहच मासा आत लोटतो. बोंबील, कोळंबी, जवळा, मांदेली ही डोलीची मिळकत. बोंबील हा तर याच समुद्राचा मासा. रत्नागिरीच्या दक्षिणेस तो फारसा आढळत नाही, उत्तरेस सौराष्ट्रापर्यंत मात्र विपुल सापडतो. ऊन पडू लागले की कोळीवाड्यांच्या वलांडींवर बोंबलाच्या रांगा वाळू लागतात. थंडीत पापलेट, सुरमई, रावस, घोळ अशी मोठी मासळी येते. वैशाखाच्या अखेरीस वारा फिरतो, लाटा फुगतात आणि होड्या वर ओढल्या जातात. तेथून श्रावणी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. त्या दिवशी नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात उतरावयाचे, हा कोळ्यांचा शिरस्ता. या शिरस्त्याचे मूळ कारण समुद्राचे भय असो वा श्रद्धा असो, त्याचा परिणाम असा होई की ज्या महिन्यांत कित्येक जातींचे मासे अंडी घालतात आणि पिल्ले खाडीत शिरतात, नेमक्या त्या महिन्यांत जाळे कोरडे राही.

आता हौशी गळवाल्याची आवडनिवड पाहावी. ती बाजाराच्या आवडीशी मुळीच जुळत नाही. बाजारात पापलेट मानाचा. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यमासा ठरविले. परंतु पापलेट पाण्यात तरंगणारे बारीक जीव व जेलीमासे खाऊन राहतो, आमिषाकडे सहसा ढुंकून पाहत नाही. त्यामुळे गळवाल्याच्या लेखी त्याची किंमत शून्य. बोंबलाचे तेच. बोईचे थवे खाडीत नाचताना दिसतात, परंतु ती शेवाळ व गाळ चाखणारी, गळाला कचितच लागते. ती पागाने धरावयाची आणि मोठ्या माशाला आमिष म्हणून लावावयाची. शिंगाळा मात्र न बोलावता येतो. काटे विषारी, झुंज बेताची, म्हणून गळवाला त्याला त्रासून खडपावर फेकून देतो. या जातीत अंडी तोंडात धरून उबविण्याचे काम नर करतो, हे त्या फेकणाऱ्याला ठाऊक नसते. १९८० च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मोठ्या जाळ्यांत असे अंडी धरलेले शिंगाळे ढिगांनी सापडले आणि पुढे त्या मासेमारीस उतरती कळा लागली. एका फेकलेल्या शिंगाळ्याने समुद्र ओस पडत नाही हे खरे. तथापि तो फेकण्याचे कारणही नाही.

पुळणीवर उभे राहून हलक्या काठीने धरावयाचा मासा म्हणजे मुडदुशी. ती वाळूतील किडे व लहान कोळंबी खाते, चपळ असते आणि चवीला नाजूक. मुलांनी व नवशिक्यांनी तिच्यावर हात बसवावा. करकरा गळाला लागून वर आला की करकर आवाज करतो, त्यावरून त्याचे नाव पडले. खडपांच्या कपारीत तांबोशी आणि हेकरू दबा धरून असतात. गळ लागताच ते कपारीत घुसतात आणि दोरी खडकावर घासून तुटते, म्हणून त्यांना बाहेर काढण्यात कसब आहे. रावस फेसाळ पाण्याच्या कडेने धावतो. परंतु ज्याच्यासाठी माणूस झोप मोडून पहाटे खाडीच्या मुखाशी जाऊन उभा राहतो तो मासा एकच, जिताडा. तो मोठा होतो, बळकट असतो, गळ लागताच पाण्याबाहेर उसळी मारून डोके झाडतो आणि ताटातही उत्तम लागतो. झुंज, आकार आणि चव हे तिन्ही गुण एकत्र आले म्हणजे हौशी माणसाला दुसरे काही दिसत नाही.

ही निवड आजची नव्हे. गळाने मासे धरणे हा करमणुकीचा प्रकार म्हणून वर्णिणारा फार जुना ग्रंथ आपल्याच दख्खनमध्ये झाला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. विनोद म्हणजे येथे राजाची करमणूक. समुद्रातले व नदीतले मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, लहान व मोठे अशी त्यांची वर्गवारी त्यात आहे. कोणत्या माशाला कोणते आमिष आवडते, दोरी कोणत्या तंतूंची वळावी, काठी कशी असावी, मासे एका जागी चारा घालून कसे सोकावावे, हे सर्व राजाने लिहिले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेतून श्री. श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९५१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी ‘मत्स्यविनोदा’वर स्वतंत्र निबंध लिहून शास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे वेधले. गळाचा छंद साहेबाने आणला, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी ती टाकून द्यावी.

मर्यादेचा विचारही जुनाच आहे. अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात, चातुर्मासीच्या तीन पौर्णिमा आणि तिष्य नक्षत्राची पौर्णिमा या प्रत्येकीच्या वेळी तीन-तीन दिवस, त्याचप्रमाणे उपवासाच्या दिवशी, मासे मारू नयेत व विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. या तीन पौर्णिमांपैकी एक आषाढाची. आज्ञेमागचा हेतू भूतदयेचा होता, मत्स्यवृद्धीचा नव्हे. परंतु विशिष्ट दिवशी मासा निर्भय असावा, ही कल्पना राजाज्ञेच्या रूपाने इसवी सनापूर्वी दोनशे चाळीस वर्षांच्या सुमारास दगडावर कोरली गेली, ही गोष्ट लहान नाही.

साहेब आला तो आपल्या घरची आठवण घेऊन. रावसाला त्याने ‘इंडियन सॅमन’ म्हटले. सॅमनशी त्याचे नाते काडीचेही नाही. पण घरी सोडून आलेल्या नदीतला मासा त्याला येथे हवा होता, आणि तो त्याने नावाच्या बळावर निर्माण केला. मुडदुशी त्याची ‘व्हायटिंग’ झाली, लेपा त्याचा ‘सोल’ झाला. एकदा असे नाव मिळाले की त्या माशाला साहेबाच्या टेबलावर आणि साहेबाच्या गळावर मान मिळू लागे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये मंगळूर येथे ‘द रॉड इन इंडिया’ हे गळाच्या मासेमारीवरील पुस्तक प्रसिद्ध केले. नदीतला महसीर हा त्याचा नायक, तरी खाडीमुखावरच्या मासेमारीसही त्याने जागा दिली आणि जिताडा व रावस यांची गणना खेळाच्या माशांत केली. आज कोकणच्या खडपांवर चालणारी आवडनिवड बऱ्याच अंशी त्या पिढीने घालून दिलेली आहे.

परंतु थॉमसची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिण कानडा जिल्ह्यात असताना, भातशेतीत व ओढ्यांत शिरलेली माशांची पिल्ले टोपल्यांनी उपसली जातात हे पाहून त्याने सरकारकडे त्याविरुद्ध लिहिले. ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा १८७५ ते १८७८ या काळात निघालेला थोर ग्रंथ ज्याने लिहिला तो डॉक्टर फ्रान्सिस डे हाही मत्स्यरक्षणाच्या कायद्यासाठी झगडला. तो १८८९ मध्ये वारला. कायदा झाला तो १८९७ मध्ये, आणि त्याने मुख्यतः सुरुंगाची दारू व विष घालून मासे मारण्यास मनाई केली. ऋतूचा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न नीट समजण्यासाठी जिताड्याचे चरित्र माहीत असले पाहिजे. ते एखाद्या कथेसारखे आहे. जिताडा जन्मतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पावसाळ्याच्या तोंडी, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास, मादी अंडी सोडते, तीही लाखांनी. भरतीचे पाणी ती अंडी व पिल्ले आत वाहून नेते. पिल्ले खारफुटीत, ओढ्यांत, भरतीच्या पाण्याने भरणाऱ्या खाजणांत वाढतात आणि गोड्या पाण्यातही चढतात. काही वर्षांनी मासा प्रौढ होतो तेव्हा तो नर असतो. नर म्हणून तो काही हंगाम काढतो आणि पुढे तीन फुटांच्या आसपास वाढल्यावर तोच मादी होतो. म्हणजे या जातीत लहान ते नर आणि थोरल्या त्या माता. गंमत अशी की त्याच खडपातल्या हेकरूंचे याच्या उलट आहे. ते मादी म्हणून जगू लागतात व मोठेपणी नर होतात. निसर्गाने एकाच किनाऱ्यावर दोन्ही रीती चालविल्या आहेत.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या. हौशी गळवाल्याला हवा असतो तो सर्वांत मोठा जिताडा. छायाचित्रात हातभर मासा शोभत नाही, तो छातीपर्यंत आलेला असावा लागतो. आणि तो मिळण्याचा उत्तम काळ म्हणजे पहिल्या पावसानंतरचे दिवस, कारण तेव्हाच तो खाडीच्या मुखाशी गोळा होतो. तो तेथे का येतो, हे वर आलेच आहे. म्हणजे गळवाल्याची निवड आणि माशाचा ऋतू यांची गाठ नेमकी अंड्यांनी भरलेल्या मातेपाशी पडते. कोळ्याचे जाळे ऋतूने येईल ते घेते, लहान-मोठे सर्व घेते, आणि त्यामुळे त्याचा दोष मोठा आहे. परंतु आषाढात ते बंद असते. गळ थोडे घेतो, पण निवडून घेतो, आणि आषाढातच घेतो.

कायद्याने या फरकाची दखल अजून घेतलेली नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्याखाली पावसाळी बंदी प्रथम १० जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत, किंवा नारळी पौर्णिमा आधी आल्यास तोपर्यंत असे. पंचांग आणि कायदा यांचा तो विरळा संगम होता. अलीकडच्या वर्षांत ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी आहे, त्यामुळे नारळ पडण्यापूर्वीच यंत्रनौका समुद्रात असतात आणि जुन्या कोळ्यांना ते रुचत नाही. परंतु बंदी आहे ती यंत्राच्या नौकांना. खडपावर काठी घेऊन उभा राहिलेला माणूस तीत सापडत नाही. २०२३ मध्ये शासनाने अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून त्याहून बारीक मासळी पकडण्यास मनाई केली, तेही योग्यच झाले. मात्र किमान आकाराचा नियम पिल्लांना वाचवितो. जिताड्यासारख्या माशाच्या मातेला त्याचा उपयोग नाही.

हाच मासा ऑस्ट्रेलियात ‘बॅरामुंडी’ या नावाने प्रसिद्ध असून तेथील हौशी गळवाल्यांचा तो लाडका आहे. तेथील क्वीन्सलंड राज्याने त्याच्यासाठी दोन टोकांचा नियम केला : ५८ सेंटिमीटरहून लहान असेल तर सोडून द्यावा, १२० सेंटिमीटरहून मोठा असेल तरीही सोडून द्यावा. शिवाय तेथील पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबरच्या आरंभापासून जानेवारीअखेरपर्यंत त्याला धरण्याची सर्वांनाच मनाई असते. तेथे पावसाळी हंगामाचे व विणीचे दिवस ते. नियम कोळ्याला निराळा व हौशी माणसाला निराळा, असा भेद त्या बंदीत नाही.

येथे गळवाल्यालाच सर्व दोष देणे अन्यायाचे होईल. ट्रॉलरची जाळी तळ खरवडतात, खाड्यांच्या काठी रासायनिक कारखाने उभे राहिले आहेत, खारफुटी तुटली आहे. या सर्वांपुढे एका काठीचे पाप ते काय! कित्येक हौशी माणसे आता मासा धरून, मोजून, छायाचित्र काढून पुन्हा पाण्यात सोडतात. सोडलेला मासा नेहमीच जगतो असे नाही. त्याला तापल्या खडकावर ठेवले, कल्ल्यांत बोटे घालून लोंबकळत धरले, तर तो पोहत जातो आणि पुढे मरतो. ओल्या हाताने, पाण्यालगत, थोडक्या वेळात सोडला तर वाचण्याचा संभव पुष्कळ. एवढी तालीम या छंदातील जुन्या मंडळींनी नव्यांना द्यावी. आणि पावसाळ्यात काशीदच्या खडपावर उभे राहण्याचा मोह तर मासा लागो न लागो, टाळावाच. हा समुद्र वरून सुंदर आणि आतून ओढीचा आहे, आणि त्याने पोहणाऱ्यांचे बळी अनेकदा घेतले आहेत.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारेपाटात, जिताड्याशी वागण्याची एक वेगळीच रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तेथे समुद्राला बांध घालून भाताची खाचरे केली, आणि घरापाशी किंवा शेताच्या कडेला तळी खणली. पावसाळ्यात खाडीच्या पाण्याबरोबर बांधाच्या उघाडीतून जिताड्याची बोटभर पिल्ले आत येतात. ती वेचून तळ्यात सोडावयाची, दोन-तीन वर्षे वाढवावयाची आणि घरी पाहुणा आला की तळ्यात जाळे टाकावयाचे. या तळ्यातला मासा घरचा, पण त्याचे बीज समुद्राचे. ते विकत आणावयाचे नाही, पेरावयाचे नाही, उघाडीशी त्याची वाट पाहावयाची. खारेपाटात जिताडा दुर्मिळ होत चालल्याची तक्रार आता वारंवार ऐकू येते. मृगाचा पाऊस पडून पहिले उधाण आले की खाडीच्या मुखाशी काठ्या उभ्या राहतात. आणि खाडीच्या आतल्या अंगाला, बांधावर बसून, तळ्याचा मालक उघाडीतून आत शिरणाऱ्या पाण्याकडे पाहत असतो.